व्यापारधंद्याचे हवामान कसे मोजतात?

श्रोतेहो, तालुक्याच्या गावी पर्जन्यमापक असते, हे आपल्याला ठाऊक आहे. सकाळी ठरल्या वेळी एक माणूस जातो, त्यात साठलेले पाणी मापाने मोजतो, आकडा वहीत लिहितो आणि वर कळवतो. या कामात फारशी अडचण येत नाही. कारण पाऊस आपले काही लपवून ठेवत नाही, आणि मोजायला कोण आला आहे हे पाहून तो कमीजास्तही पडत नाही.

पण आकाशाला जसे हवामान असते, तसे व्यापारधंद्यालाही असते. कुठे वीज वेळेवर मिळते, कर्ज वाजवी व्याजाने मिळते, परवान्यासाठी चार हेलपाटे पडत नाहीत. तिथे धंदा तरारून येतो. कुठे याच्या उलट. भांडवल आहे, अक्कल आहे, कष्ट करायची तयारी आहे. पण कचेरीच्या पायऱ्या झिजवता झिजवताच उमेद संपते. या सगळ्या परिस्थितीला मिळून जाणकार लोक धंद्याचे वातावरण किंवा हवामान म्हणतात. आता प्रश्न असा की, हे हवामान मोजायचे कसे? त्यासाठी पर्जन्यमापक नाही. माणसांनाच विचारावे लागते. आणि माणसांना विचारणे म्हणजे काय प्रकार असतो, हे ज्यांनी गावात कधी शिरगणती केली आहे त्या शिक्षकमंडळींना मी वेगळे सांगायला नको.

आपल्याला काय करायचे आहे त्याच्याशी, असे कोणी म्हणेल. तर तसे नाही. एखाद्या देशाला कर्ज कशासाठी द्यायचे, कोणता कायदा बदलायचा, विजेवर आधी खर्च करायचा की रस्त्यावर, असे निर्णय घेताना या मोजमापाचे आकडे समोर ठेवले जातात. कारखाना आपल्या भागात येतो की परमुलखात जातो, हेही काही अंशी त्यावर ठरते. आपल्या गावातून शिकून निघालेल्या मुलामुलींच्या नोकरीचा प्रश्न त्यात गुंतलेला आहे. मोजमाप चुकले, तर औषधही चुकते.

या विषयातली एक प्रसिद्ध हकीकत दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाची आहे. तिथे हेर्नांदो दे सोतो नावाचे अर्थशास्त्रज्ञ आहेत. राजधानी लिमा शहराभोवती हजारो माणसे परवान्याशिवायच छोटे धंदे करीत. लोक म्हणत, ही माणसे कायदा मोडणारी आहेत, कर चुकवणारी आहेत. दे सोतो यांनी निराळा विचार केला. ते म्हणाले, कायद्याने वागायचे ठरवले तर किती त्रास पडतो, ते तरी एकदा पाहू या. म्हणून १९८३ साली त्यांच्या संस्थेने कपडे शिवण्याचा एक छोटा कारखाना मांडला, आणि एका वकिलाच्या देखरेखीखाली काही विद्यार्थ्यांना सगळे परवाने रीतसर मिळवायच्या कामाला लावले. शक्यतो लाच द्यायची नाही, असे ठरले होते.

किती दिवस लागले असतील? २८९ दिवस! अकरा निरनिराळ्या अटी पुऱ्या कराव्या लागल्या. दहा वेळा लाच मागितली गेली. त्यांपैकी दोन वेळा ती दिल्याशिवाय काम पुढे सरकेना, तेव्हा द्यावी लागली. सगळा खर्च आणि बुडालेली कमाई धरली, तर ती रक्कम त्या वेळच्या महिन्याच्या किमान मजुरीच्या तीसपटीहून अधिक झाली. आता ज्याच्या घरी रोजची चूल रोजच्या कमाईवर पेटते, तो इतके दिवस थांबेल कसा? तेव्हा दोष नुसता धंदा करणाराचा नाही, दाराचाही आहे. दारच इतके अरुंद केले आहे की गरीब माणसाला आत शिरता येत नाही, हे या प्रयोगाने उघडे केले. १९८६ साली दे सोतो यांच्या पुस्तकातून ही हकीकत प्रसिद्ध झाली आणि पुढे जगभर सांगितली गेली.

पण श्रोतेहो, हा एका शहरातला, एका कारखान्याचा अनुभव झाला. दुसऱ्या देशांत काय आहे? लिमात २८९ दिवस लागले, तर कंपालात, ढाक्यात किंवा मुंबईत किती? सगळीकडे कारखाने मांडून पाहणे शक्य नाही. मग दोनच वाटा उरतात. एक, नियम ज्यांना पाठ आहेत अशांना विचारायचे. म्हणजे वकील, हिशेबतपासनीस वगैरे. दुसरी, ज्याने प्रत्यक्ष धंदा केला आहे त्यालाच विचारायचे. या दोन वाटा कुठे कुठे गेल्या, हे आज पाहायचे आहे.

पहिली वाट आधी घेऊ. २००२ साली चार अर्थशास्त्रज्ञांनी ८५ देशांमधले नियम तपासून एक निबंध प्रसिद्ध केला. नवा धंदा सुरू करायला किती पायऱ्या चढाव्या लागतात, किती दिवस आणि किती पैसे लागतात, याचा तो हिशेब होता. त्याच धर्तीवर जागतिक बँकेने २००३ पासून दरवर्षी एक अहवाल काढायला सुरुवात केली. त्याचे इंग्रजी नाव 'डुइंग बिझनेस'. आपल्याकडे वर्तमानपत्रांत त्याला व्यवसाय-सुलभतेचा अहवाल म्हणत.

त्याची रीत अशी होती. एका कल्पनेतल्या धंद्याची कल्पना करायची. त्याचे भांडवल, त्याची जागा, त्याचा प्रकार हे सर्व देशांत सारखेच धरायचे. तो धंदा त्या देशाच्या सर्वांत मोठ्या व्यापारी शहरात आहे असे समजायचे. मग तिथल्या वकिलांना विचारायचे: या धंद्याला नोंदणीसाठी किती दिवस लागतील? वीजजोडणीला किती? कोर्टात वसुलीचा दावा लावला तर निकाल कधी लागेल? ही पद्धत स्वस्त होती, झटपट होती, आणि सगळ्या देशांना एकच फूटपट्टी लागत होती. हे तिचे गुण नाकारता येणार नाहीत.

भारतासाठी मोजण्याचे शहर होते मुंबई. पुढे दहा कोटींहून जास्त लोकवस्तीच्या देशांसाठी दोन शहरे घ्यायचे ठरले, तेव्हा मुंबईच्या जोडीला दिल्ली आली. म्हणजे एवढा मोठा आपला देश, पण गडचिरोलीच्या तांदूळगिरणीला किंवा सांगलीच्या हळदीच्या व्यापाऱ्याला त्या मापात जागा नव्हती. दुरून डोंगर साजरे म्हणतात; इथे तर सगळा डोंगर दोन शिखरांवरूनच पाहिला जात होता.

पुढे या अहवालात देशांचे क्रमांक लावायला सुरुवात झाली. इथे शिक्षकमंडळींनी कान द्यावा. कारण क्रमांक लावला की काय होते, हे त्यांना पुरते ठाऊक आहे. परीक्षेचा नंबर ठळक झाला, की मुले धड्यापेक्षा अपेक्षित प्रश्नांचा अभ्यास जास्त करू लागतात. देशांचेही थोडेफार तसेच झाले. २०१४ साली निघालेल्या अहवालात भारताचा क्रमांक १८९ देशांत १४२ वा होता. २०१९ साली निघालेल्या अहवालात तो १९० देशांत ६३ वा आला. मधल्या काळात काही खरी कामे झाली, हे कबूल केले पाहिजे. दिवाळखोरीचा नवा कायदा २०१६ साली झाला. कंपनीच्या नोंदणीचे अर्ज एकत्र आले. पण त्याबरोबरच, ज्या दोन शहरांत मोजमाप होते तिथले आणि ज्या गोष्टी मोजल्या जातात तेवढ्याच सुधारण्याचा मोह सगळ्याच देशांना पडतो. मुंबईत बांधकामाचा परवाना लवकर मिळू लागला, म्हणून नंदुरबारलाही तो लवकर मिळेल, असे काही त्यातून सिद्ध होत नाही.

आणि मोह फक्त परीक्षा देणारालाच पडतो असे नाही. पेपर तपासणारावरही दडपण येते. २०२० साली असे उघडकीला आले की, २०१८ आणि २०२० या वर्षांच्या नावाने निघालेल्या अहवालांत चीन, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती आणि अझरबैजान या देशांच्या आकड्यांत अनियमित फेरफार झाले होते. २०१८ च्या अहवालात चीनचा क्रमांक ७८ वा दाखवला होता. तो खरे पाहता ८५ वा यायला हवा होता, असे चौकशीत दिसले. जागतिक बँकेने अहवाल आधी थांबवला, आणि १६ सप्टेंबर २०२१ रोजी तो कायमचा बंद केल्याचे जाहीर केले. जवळजवळ अठरा वर्षे चाललेले काम असे मिटले. मोजमाप कितीही शास्त्रीय असो. ज्याचे माप घ्यायचे त्याची आणि मोजणाराची गाठ पडली, की तराजूवर विश्वास राहत नाही.

आता दुसरी वाट. धंदा करणारालाच विचारायचे. आपल्याकडे म्हण आहे, ज्याचे जळते त्याला कळते. वकिलाला कलम ठाऊक असते, पण कचेरीच्या बाकावर किती तास बसावे लागले ते दुकानदाराला ठाऊक असते. हा विचारही जुनाच आहे. जागतिक बँकेने १९९७ सालच्या आपल्या विकास-अहवालासाठी ६९ देशांमधल्या ३,६०० हून अधिक उद्योजकांना प्रश्न विचारले होते. १९९९ आणि २००० च्या सुमारास दुसरी पाहणी झाली, तीत ८० देशांतले दहा हजारांहून अधिक धंदे होते. पूर्व युरोपातल्या आणि पूर्वीच्या सोव्हिएत संघातल्या देशांत तेव्हा सरकारी मालकी जाऊन खाजगी धंदे नव्याने उभे राहत होते. तिथे युरोपीय पुनर्रचना व विकास बँकेच्या जोडीने स्वतंत्र पाहणी सुरू झाली. पुढे २००५-०६ च्या सुमारास सगळ्या देशांसाठी एकच पद्धत ठरवण्यात आली. या पाहण्यांना उद्योग-पाहणी म्हणू या. भारतात २०१३-१४ मध्ये आणि नंतर २०२२ मध्ये अशा पाहण्या झाल्या. दोन्ही वेळा नऊ हजारांहून अधिक धंद्यांत जाऊन विचारपूस करण्यात आली.

पण देशात लाखो दुकाने आणि कारखाने. त्यांतले नऊ हजारच विचारून सगळ्यांचे कसे कळणार? शितावरून भाताची परीक्षा करतात तशी. मात्र घरातल्या बायका सांगतील की, शितावरची परीक्षा केव्हा खरी? भात नीट ढवळला असेल तेव्हा. तळाला करपलेला आणि वर कच्चा असा भात असेल, तर वरचे एक शीत दाबून काय कळणार? देशातले धंदे तर असे न ढवळलेल्या भातासारखेच असतात. लहान, मध्यम, मोठे. कापडाचे, लोखंडाचे, धान्याचे. किनाऱ्यावरचे आणि आतल्या मुलखातले.

एक हिशेब करून पाहू. समजा, एका बाजारपेठेत १०० दुकाने आहेत. ९० लहान, ८ मध्यम आणि २ मोठी. सगळ्यांच्या चिठ्ठ्या एका डब्यात घालून दहा काढल्या, तर दोन्ही मोठी दुकाने वगळली जाण्याचा संभव किती? हा खेळ शंभर वेळा केला, तर सुमारे ऐंशी वेळा एकही मोठे दुकान हाती लागणार नाही. गणिताचे शिक्षक हे फळ्यावर पडताळून पाहू शकतील. म्हणून पाहणी करणारे तीन डबे करतात. लहानांतून सहा चिठ्ठ्या काढायच्या, मध्यमांतून दोन आणि मोठी दोन्ही घ्यायची. मग हिशेब करताना प्रत्येक लहान दुकानाचे उत्तर पंधरा दुकानांचे धरायचे, मध्यमाचे चारांचे, आणि मोठ्याचे त्याचे एकट्याचे. समजा, लहानांपैकी तिघे म्हणाले, वीज जाण्याने आमचे फार नुकसान होते; मध्यमांपैकी एकजण तेच म्हणाला, आणि मोठे कोणीच म्हणाले नाही. वरवर पाहिले तर दहांत चार, म्हणजे शेकडा ४०. पण वजन लावून पाहा: पंधरा त्रिक पंचेचाळीस आणि चार, म्हणजे शेकडा ४९. फरक पडला की नाही? उद्योग-पाहणीत हेच मोठ्या प्रमाणावर करतात. ५ ते १९ कामगारांचे लहान, २० ते ९९ चे मध्यम, १०० आणि त्याहून अधिकांचे मोठे, असे तीन डबे. शिवाय धंद्याचा प्रकार आणि प्रदेश यांचे निराळे डबे.

दुसरी अडचण प्रश्नांची. "तुमच्याकडे विजेची अडचण फार आहे का?" असे विचारले, तर उत्तर माणसाच्या सवयीवर अवलंबून असते. जिथे रोज सहा तास वीज जाते, तिथला गिरणीवाला म्हणेल, "चालायचंच, काही फार नाही." जिथे वर्षातून एकदा जाते, तिथला कारखानदार तेवढ्यावरही संतापून बोलेल. तक्रारींची तुलना केली, तर पहिल्याचे गाव सुखी ठरेल! म्हणून नुसते मत विचारून भागत नाही. मोजता येईल असेही विचारावे लागते. महिन्यातून किती वेळा वीज गेली? एकेका वेळी किती तास? वीजजोडणीचा अर्ज केल्यापासून दिवे लागेपर्यंत किती दिवस? करखात्याचे लोक वर्षात किती वेळा तपासणीला आले? सरकारी कागदपत्रांच्या कामात मालकाचा आठवड्यातला किती वेळ जातो? अशा प्रश्नांची उत्तरे एका देशाशेजारी दुसऱ्या देशाची ठेवता येतात.

याचे एक ठसठशीत उदाहरण आफ्रिकेतल्या युगांडा देशाचे आहे. तिथे १९९८ साली कारखानदारांची पाहणी झाली. सरासरीने पाहता आदल्या वर्षात कामाच्या ८९ दिवशी सरकारी वीज मिळाली नव्हती, असे आढळले. मग कारखानदारांनी काय केले? मोठ्या कारखान्यांपैकी ७७ टक्क्यांनी स्वतःची वीज काढणारी जनित्रे विकत घेतली. मध्यमांपैकी ४४ टक्क्यांनी घेतली, आणि लहानांपैकी फक्त १६ टक्क्यांनी. यंत्रसामग्रीवर त्या वर्षी जो पैसा घातला गेला, त्यातला एक चतुर्थांश या जनित्रांतच गेला. जो पैसा नव्या मागांवर, नव्या यंत्रांवर लागायचा, तो काळोख दूर करण्यात गेला. आणि ज्याला जनित्र परवडत नाही, तो लहान कारखानदार नुसता बसून राहिला. कायद्याचे पुस्तक कितीही चाळले तरी ही गोष्ट त्यात सापडली नसती. ती कारखान्यात जाऊन विचारल्यावरच कळली.

तिसरी अडचण सर्वांत नाजूक. ती म्हणजे लाचेचा प्रश्न. झाकली मूठ सव्वा लाखाची, हा तर व्यापाऱ्याचा धर्मच. तो आपला गल्ला शेजाऱ्याला सांगत नाही, तर परक्याला "मी अमुक इतकी चिरीमिरी दिली" असे कशाला सांगेल? त्यातून विचारणारा सरकारी माणूस असला, म्हणजे तर तोंडाला कुलूपच! म्हणून उद्योग-पाहणीत विचारणारे लोक सरकारचे नसतात. हे काम खाजगी संस्थांकडे देतात. उत्तर देणाराचे नाव कुठे छापले जात नाही. आणि प्रश्नही आडवळणाने असतो. "तुम्ही लाच देता का?" असे नाही, तर "तुमच्यासारख्या धंद्यांना काम होण्यासाठी साधारणपणे काय द्यावे लागते?" असे. ताकाला जाऊन भांडे लपवू नये म्हणतात, पण इथे भांडे थोडे पदराआड धरल्यानेच ताक मिळते.

युगांडातल्या त्याच पाहणीत हा प्रश्न फार जपून विचारला होता. कारखानदारांच्या स्वतःच्या संघटनेला बरोबर घेतले होते. प्रश्न मुलाखतीच्या शेवटी ठेवला होता. म्हणजे तोवर दोघांची थोडी ओळख झालेली. तरीही सगळ्यांनी उत्तर दिले नाही. पण १७६ कारखानदारांनी दिले, आणि त्यांतल्या सुमारे ८० टक्क्यांनी पैसे द्यावे लागतात असे सांगितले. माणसाला भीती वाटणार नाही अशा रीतीने विचारले, तर तो खरे सांगतो. हा या सगळ्या शास्त्राचा गाभा आहे.

आता या दोन वाटांनी मिळालेले आकडे शेजारी शेजारी ठेवले, तर ते जुळतात का? मेरी हॉलवर्ड-ड्रायमायर आणि लँट प्रिचेट या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी हे करून पाहिले, आणि २०१५ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. नियमांप्रमाणे परवान्याला किती दिवस लागावेत, आणि धंदेवाले प्रत्यक्ष किती लागले म्हणतात, या दोहोंत जवळजवळ काही मेळच दिसला नाही. आणखी एक गोष्ट दिसली. एकाच देशात, एकाच कायद्याखाली, कोणाला परवाना थोड्या दिवसांत मिळत होता आणि कोणाला महिनोन्‌महिने मिळत नव्हता. पुष्कळ धंदेवाल्यांनी सांगितलेला काळ तर नियमातल्या काळापेक्षा कमीच होता.

वरवर पाहता ही आनंदाची बातमी वाटेल. नियम कडक असले तरी कामे होतात. पण नीट विचार करा. ज्याचे काम झटकन होते, त्याचे ते का होते? ओळख, वशिला, देवघेव. म्हणजे तिथे नियम चालत नाही, सौदा चालतो. नियम सर्वांना सारखा असतो. सौदा ज्याच्या त्याच्या वजनाप्रमाणे. ज्याच्या मागे कोणी नाही, अशा नवख्या माणसाला, खेड्यातून आलेल्या तरुणाला किंवा एकट्या बाईला सौद्याच्या बाजारात सर्वांत जास्त किंमत मोजावी लागते. कायदा कागदावर जितका किचकट, आणि तो राबवणारी यंत्रणा जितकी दुबळी, तितका सौद्याला वाव जास्त. म्हणून एखाद्या देशाने कागदावरचे दिवस कमी केले एवढ्यावर समाधान मानू नये. सर्वांत दुबळ्या माणसाला किती दिवस लागले, ते विचारावे.

मग दुकानदाराला विचारण्याची ही दुसरी वाट अगदी निर्दोष आहे का? नाही. तिच्यातही तीन मोठी भगदाडे आहेत.

पहिले असे की, या पाहणीत शेती येत नाही, आणि नेहमीच्या पाहणीत पाचांपेक्षा कमी माणसांचे धंदे येत नाहीत. नोंदणी नसलेलेही येत नाहीत. आपल्या देशाची सहावी आर्थिक गणना २०१३-१४ मध्ये झाली, तेव्हा देशात ५ कोटी ८५ लाख धंदे मोजले गेले. त्यांपैकी शेकडा ७१ हून अधिक धंद्यांत पगारी माणूस एकही नव्हता. मालक आणि त्याच्या घरची माणसे, एवढाच कारभार. तुमचा सुतार, तुमचा चहावाला, तुमची शिवणयंत्र चालवणारी बाई या पाचांच्या चाळणीतून खाली गळून पडतात. त्यांच्यासाठी आता वेगळ्या पाहण्या होऊ लागल्या आहेत. शहराचे नकाशावर लहान लहान चौकोन पाडतात, काही चौकोन चिठ्ठीने निवडतात, आणि त्या चौकोनात फिरून दिसेल तो धंदा मोजतात. एखाद्या चौकोनात पुष्कळ धंदे सापडले, तर त्याच्या लगतचे चौकोनही पाहतात. कारण असे धंदे बहुधा एकमेकांच्या आधाराने वसलेले असतात. आठवडी बाजार पाहिलेल्या माणसाला हे लगेच पटेल.

दुसरे भगदाड असे की, जो धंदा चालू आहे त्यालाच आपण विचारतो. जो बुडाला, ज्याने कुलूप लावले, त्याला कोण विचारतो? आणि ज्याने परवान्याचे कागद पाहूनच बेत सोडून दिला, त्याचे तर दुकानच झाले नाही! खरे दुखणे कदाचित त्यांच्यापाशीच असते. चांगल्या पाहणीत निदान एवढी तरी नोंद ठेवतात की, यादीतला कोणता धंदा बंद आढळला.

तिसरे भगदाड वेळेचे. अशी पाहणी खर्चाची असते, म्हणून एका देशात ती दरवर्षी होत नाही. भारतातल्या दोन पाहण्यांमध्ये सात-आठ वर्षे गेली, आणि त्याच मुदतीत नोटाबंदी झाली, वस्तू व सेवा कर आला, कोरोनाची साथही येऊन गेली. एवढ्या उलथापालथीत धंदेवाल्याचा दरवर्षीचा अनुभव काय होता, हे दोन टोकांच्या दोन चित्रांवरून पुरते कळत नाही.

तेव्हा दोन्ही वाटा एकत्र करून पाहाव्यात, असे आता ठरले आहे. जागतिक बँकेने २०२४ साली नव्या नावाने नवा अहवाल काढला. पहिल्या खेपेस त्यात ५० देश-प्रदेश होते. त्यात तीन गोष्टी वेगवेगळ्या पाहतात: नियम कसे आहेत, सरकारी सेवा कशा आहेत, आणि प्रत्यक्षात काम किती सुरळीत होते. नियमांविषयी जाणकारांना विचारतात, आणि प्रत्यक्ष अनुभवासाठी धंदे करणारांच्या पाहणीचाही आधार घेतात. सगळ्या देशांची एकाखाली एक अशी एकच उतरंड मांडण्याचा जुना थाट सोडून दिला आहे. पोळल्यावर आलेले हे शहाणपण आहे. ते कितपत टिकते, ते पुढे दिसेलच.

श्रोतेहो, एवढ्या मोठ्या कारभारातून आपल्या गावाने काय घ्यावे? माझी शिक्षकमंडळींना एक सूचना आहे. वरच्या वर्गातल्या मुलांकडून आपल्याच बाजारपेठेची छोटी पाहणी करवून पाहावी. आधी सगळ्या धंद्यांची यादी करावी. लहानमोठ्यांचे डबे करून चिठ्ठ्या काढाव्यात. ओळखीच्या दुकानात जायचे नाही, चिठ्ठी निघेल तिथेच जायचे, हा पहिला नियम. "अडचण आहे का?" असे न विचारता "किती वेळा, किती तास, किती दिवस?" असे विचारायचे, हा दुसरा. वहीत कोणाचेही नाव लिहायचे नाही आणि ऐकलेले दुसऱ्या दुकानात सांगायचे नाही, हा तिसरा. आणि यादीत जे दुकान बंद दिसेल, त्याच्या मालकाच्या घरी जाऊन, तो राजी असेल तर, ते का बंद झाले हे विचारायचे, हा चौथा. यातून मुलांना शेकडेवारी येईल, सरासरी येईल. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, दुसऱ्याचे म्हणणे आपले मत मध्ये न घालता ऐकून घेण्याची सवय लागेल.

आणि ग्रामपंचायतीत किंवा सोसायटीत बसणाऱ्या मंडळींनीही एक लक्षात ठेवावे. "आमचा दाखला सात दिवसांत मिळतो" असे फळ्यावर लिहिणे सोपे आहे. तो सात दिवसांत मिळाला का, हे ज्याने अर्ज केला त्यालाच विचारावे. तेही असे विचारावे की, खरे सांगितल्याने आपले पुढचे काम अडेल, अशी भीती त्याला वाटू नये. लिमापासून कंपालापर्यंत एवढ्या देशांनी एवढा खर्च करून जे शिकून घेतले, ते मुख्यतः एवढेच आहे.